प्रकल्प नोंदी : वेंगुर्ला तालुक्यातील एका कोकम उद्योगाचे संकेतस्थळ

३ फेब्रुवारी २०२५, कुडाळ

आज काम हाती घेतले. वेंगुर्ला तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीत काकी घरच्या घरी आमसुले, आगळ (मिठातला कोकमाचा रस), कोकम सरबत, मिठातल्या कैऱ्या, कुळथाचे पीठ आणि फणसपोळी करून विकतात. त्यांच्या पुतण्याने तीन वर्षांपूर्वी एका तयार टेम्प्लेटवर हे संकेतस्थळ उभे केले, त्याला स्वतःचे डोमेन घेतले आणि पुढे नोकरीसाठी तो पुण्याला गेला. संकेतस्थळ दिसायला नीटनेटके आहे. तक्रार एवढीच आहे की ज्याच्याकडे पत्ता आहे त्यालाच ते सापडते. उद्योगाचे नाव टाकून शोधले तर मुखपृष्ठ येते, पण ‘आगळ’ किंवा ‘आमसूल’ असे शोधणाऱ्याला ते कधीही दिसलेले नाही.

मार्चमध्ये आंब्याची मागणी सुरू झाली की तिच्याबरोबर कोकणातल्या इतर जिनसाही मागवल्या जातात आणि एप्रिल-मेमध्ये रतांबे (कोकमाची फळे) पिकतात, त्यामुळे हाताशी जेमतेम दीड महिना आहे. केलेला बदल गूगलच्या ध्यानात यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, हे काकींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवले.

आपली पाने गूगलमध्ये कशी नोंदली गेली आहेत हे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात मालकी सिद्ध करण्यासाठी डोमेन जिथे नोंदवले आहे तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) एक टीएक्सटी नोंद घालावी लागली. तिथला पासवर्ड पुतण्याकडे होता. तो मिळेपर्यंत दुपार उलटली. अहवाल भरायला आणखी एक-दोन दिवस जातील.

६ फेब्रुवारी, कुडाळ

अहवाल आला. उत्पादनांच्या १४ पानांपैकी ११ पाने नोइंडेक्स टॅगमुळे वगळली गेली आहेत. म्हणजे गूगल त्या पानांपर्यंत पोहोचते, पण ‘हे पान नोंदवू नका’ असा निरोप पानातच लिहिलेला असल्यामुळे परत फिरते.

हा निरोप कोणी मुद्दाम लिहिलेला नाही. पुतण्याशी फोनवर बोलले तेव्हा उलगडा झाला. बांधकाम चालू असताना त्याने एक कच्चे पान केले आणि ते कोणाला दिसू नये म्हणून त्या पानाच्या सेटिंगमधले ‘शोधयंत्रांपासून लपवा’ हे बटण चालू केले. पुढची पाने त्याने त्याच पानाची प्रत काढून काढून केली. प्रतीबरोबर मजकूर आणि रचना येते तसे हे बटणही येते, आणि ते पानाच्या दर्शनी भागात कुठेच दिसत नाही. तीन पाने त्याने नंतर कोऱ्या पानापासून केली होती, तेवढीच वाचली.

त्याने मध्यंतरी कोणाच्या तरी सल्ल्याने रोबोट्स फाइलमध्येही (शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) काही मार्ग अडवता येतील का, हे पाहिले होते. ते झाले नाही हे बरेच झाले. रोबोट्स फाइलने पान अडवले, तर गूगलला ते वाचताच येत नाही आणि त्यामुळे पानातला नोइंडेक्सचा निरोपही मिळत नाही. अशा पानाचा पत्ता दुसरीकडच्या दुव्यांवरून कळला तर मजकुराविना नुसता पत्ता निकालांत येऊ शकतो. अडवणे आणि न नोंदवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बटणे लगेच बंद करणार होते, पण त्याआधी आगळाच्या पानाचा स्रोत (मागचा मूळ कोड) उघडून पाहिला आणि हात आखडता घेतला. मजकुराच्या जागी मराठी नव्हतेच.

१० फेब्रुवारी, वेंगुर्ला

आज काकींकडे जाऊन प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्या पडवीत नेटवर्क मोजकेच असते. फोनवर आगळाचे पान उघडले, तर आधी दोन-तीन सेकंद रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांची एक निरर्थक रांग दिसली आणि मग एकदम तिथे स्वच्छ मराठी उमटले. काकी म्हणाल्या की हे पहिल्यापासून असेच होते. नेट हळू असल्यामुळे होत असेल असे त्या समजत होत्या.

नेट हळू असल्यामुळे ते दिसते एवढेच खरे. मूळ कारण असे की उत्पादनांची माहिती एका जुन्या छापील पत्रकाच्या फाइलमधून उचललेली आहे आणि ते पत्रक युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले होते. अशा फॉन्टमध्ये ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणून साठवले जात नाही. साठवले जाते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट त्याच्या जागी ‘क’चे चित्र काढतो. पुतण्याने तो मजकूर टेम्प्लेटमध्ये चिकटवला, वाचता येईना म्हणून तोच फॉन्ट संकेतस्थळावर चढवला, आणि प्रश्न सुटल्यासारखा दिसला. फॉन्ट उतरला की माणसाला मराठी दिसते. गूगल मात्र साठवलेली चिन्हे वाचते. त्याच्या लेखी या पानावर कोणत्याच भाषेतला मजकूर नाही. त्यामुळे नोइंडेक्स नसलेली तीन पानेही ‘आगळ’ या शब्दासाठी येत नव्हती, कारण तो शब्द त्या पानांवर नव्हताच.

ही चूक मला आपल्याकडच्या संकेतस्थळांवर वरचेवर भेटते, आणि शोधासंबंधीची जी मार्गदर्शने आपण वाचतो त्यांत तिचा उल्लेख नसतो, कारण ती लिहिणाऱ्यांना हा प्रसंग येत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. पानावरचे एक वाक्य निवडून ते नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या चौकटीत चिकटवावे. मराठी मराठीच राहिले तर ठीक; रोमन गोंधळ उमटला तर ते संकेतस्थळ शोधयंत्रासाठी कोरे आहे.

मजकूर युनिकोडमध्ये बदलण्यासाठी परिवर्तक वापरला. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असतो. परिवर्तक हा क्रम पालटतो खरा, पण जोडाक्षरापाशी अडखळतो. ‘निर्मिती’ आणि ‘विक्री’ हे शब्द मला सहा ठिकाणी हाताने दुरुस्त करावे लागले. शेवटी १४ पानांचा मजकूर ओळीओळीने वाचून काढण्यावाचून इलाज नाही, असे ठरले.

१३ फेब्रुवारी, वेंगुर्ला

वाचन काकींबरोबर केले आणि ते फार उपयोगी पडले. पत्रकातला मजकूर कोणत्याही कोकणी दुकानाला चालेल असा होता : ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘उत्कृष्ट दर्जा’. काकींना विचारले की फोन करणारे काय शब्द वापरतात.

“अगो, मुंबयवाले ‘आगळ’ म्हणनत नाय,” त्या म्हणाल्या, “ते ‘मिठातला कोकम’ म्हणान मागतत.”

पुढचा तासभर आम्ही फक्त नावे लिहीत होतो. वाळवलेल्या सालींना इकडे सोलां म्हणतात, पुण्याकडचे गिऱ्हाईक आमसूल म्हणते आणि मुंबईत नुसते कोकम म्हटले तरी तेच अपेक्षित असते. फळाला उत्तरेकडे रतांबा म्हणतात, आमच्या दक्षिण सिंधुदुर्गात आणि गोव्यात भिरंड. साखरेतले ते सरबत किंवा अमृत कोकम, मिठातले ते आगळ, आणि दोहोंना ‘कोकम सिरप’ म्हणणारेही आहेत. त्यांना नेमके कोणते हवे ते विचारूनच पाठवावे लागते. ही सगळी नावे पानावर नैसर्गिक वाक्यांत यायला हवीत. एकच शब्द वीस वेळा घोळवून काही साधत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द एकदा, पण योग्य जागी यावा लागतो.

आमसुलांच्या पानावर आता त्यांची खरी कृती आहे : साली रतांब्याच्या रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात घालायच्या आणि असे काही दिवस करायचे. अंगणातली काही कलमे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीची आहेत, हेही लिहिले. ही माहिती काकींकडे पहिल्यापासून होती. टेम्प्लेटमध्ये तिच्यासाठी चौकट नव्हती, म्हणून ती कोणी मागितलीच नाही.

मजकूर तपासून झाल्यावर ११ पानांची लपवण्याची बटणे बंद केली, चढवलेला फॉन्ट काढून टाकला आणि साइटमॅप (पानांच्या पत्त्यांची यादी) सर्च कन्सोलमध्ये दिला.

१७ फेब्रुवारी, कुडाळ

शीर्षके आणि पत्ते. टेम्प्लेटने पानाचे नाव आणि पुढे संकेतस्थळाचे नाव जोडून शीर्षक बनवले होते. पानांची नावे ‘प्रॉडक्ट ३’, ‘प्रॉडक्ट ४’ अशी असल्यामुळे शोधनिकालात तेच गेले असते. प्रत्येक पानाला वेगळे शीर्षक दिले आणि पदार्थाचे नाव सुरुवातीला ठेवले, कारण शीर्षकाला अक्षरांची ठरावीक मर्यादा नसली तरी जागेच्या रुंदीनुसार ते शेवटाकडून कापले जाते. वर्णनेही लिहिली. गूगल शीर्षक आणि वर्णन दोन्ही स्वतःच्या अंदाजाने बदलू शकते, पण रिकाम्या जागेपेक्षा आपले वाक्य दिलेले केव्हाही चांगले. कीवर्ड्सच्या चौकटीत पुतण्याने चाळीसेक शब्द भरले होते. गूगलने २००९ सालीच सांगितले आहे की क्रमवारीसाठी ते ही चौकट पाहत नाहीत, तेव्हा तिथे वेळ घालवला नाही.

शीर्षकात ‘जीआय कोकम’ असे लिहावे, अशी पुतण्याची सूचना होती. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकन आहे हे खरे, पण ते नाव व्यापारात वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते आणि काकींची नोंद अजून झालेली नाही. नोंद होईपर्यंत हा शब्द संकेतस्थळावर येणार नाही.

पत्त्यांचा विचार जास्त वेळ चालला. प्रतीवर प्रत काढल्यामुळे पत्त्यांत ‘कॉपी ऑफ कॉपी ऑफ’ अशी साखळी होती. देवनागरीत पत्ता दिला तर गूगलची काहीच हरकत नसते. पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत ३ बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे ‘कोकम-आगळ’ यातली ७ चिन्हे आणि एक आडवी रेघ मिळून ६४ अक्षरांची रांग होते. काकींचा निम्मा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो आणि तिथे दुवा चिकटवला की बहुधा हीच रांग दिसते. वयस्कर गिऱ्हाईक असला दुवा उघडायला कचरते. म्हणून पत्ते रोमन लिपीत, छोटे आणि उच्चारानुसार ठेवले.

जुन्या पत्त्यांवरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट (कायमचे वळण) लावले. ही ११ पाने गूगलने नोंदलेलीच नव्हती, मग रिडायरेक्ट कशाला, असे वाटू शकते. पण काकींनी तीन वर्षांत ते दुवे किती जणांना पाठवले असतील याची मोजदाद नाही. आधीपासून नोंदलेल्या तीन पानांचे पत्ते मात्र आहेत तसे ठेवले.

१९ फेब्रुवारी, कुडाळ

साइटमॅपमध्ये टेम्प्लेटची पाच नमुना-पाने सापडली. ‘आमची टीम’ या पानावर परदेशी चेहरे आणि लॅटिन भरताड मजकूर होता. मेनूतून काढलेले पान पुसले गेले असे पुतण्याला वाटले होते. मेनूतून गेले तरी ते पत्त्यावर जिवंत असते. पाचही पाने काढली.

२१ फेब्रुवारी, कुडाळ

एकच संकेतस्थळ दोन पत्त्यांवर उघडत होते : स्वतःच्या डोमेनवर आणि बांधणी-सेवेने सुरुवातीला दिलेल्या मोफत पत्त्यावर. दोन्हीकडचे कॅनॉनिकल टॅग (मूळ पत्ता कोणता हे सांगणारे) स्वतःकडेच बोट दाखवत होते, आणि मुखपृष्ठासाठी गूगलने मोफत पत्ताच मूळ मानला होता. मुख्य डोमेन निवडण्याची सेटिंग रिकामी राहिली होती. ती भरल्यावर मोफत पत्ता आपोआप पुढे वळू लागला. कॅनॉनिकल टॅग ही गूगलसाठी आज्ञा नसून सूचना असते, म्हणून निकालांत पत्ता बदलायला वेळ लागेल.

२६ फेब्रुवारी, वेंगुर्ला

वेगाचे काम. सर्च कन्सोलचा वेगासंबंधीचा अहवाल रिकामा आहे, कारण तो प्रत्यक्ष भेट देणाऱ्यांच्या २८ दिवसांच्या नोंदींवर बनतो आणि या संकेतस्थळाला तेवढी ये-जा नाही. त्यामुळे लाइटहाउस या गूगलच्या साधनाची चाचणी आणि काकींची पडवी, हीच मोजमापाची साधने.

मुखपृष्ठावर पाच छायाचित्रांची सरकपट्टी होती. प्रत्येक छायाचित्र फोनवरून थेट चढवलेले, ४,००० पिक्सेल रुंद. शिवाय टेम्प्लेट सगळ्याच चित्रांना ‘गरज पडेल तेव्हा उतरव’ असे सांगत होते. खाली असलेल्या चित्रांसाठी ते योग्यच आहे, पण पान उघडताच समोर येणाऱ्या पहिल्या चित्रालाही त्यामुळे थांबावे लागते. मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांत दिसावे, अशी गूगलची अपेक्षा आहे. पडवीत अकरा सेकंद लागले. सरकपट्टी काढून रतांबे फोडतानाचे एकच छायाचित्र ठेवले, त्याची रुंदी १,६०० पिक्सेल केली आणि त्याच्यापुरती ही सोय बंद केली. मजकूर सरकत आत येण्याची हालचालही बंद केली. आता तिथेच तीन सेकंदांच्या आसपास पान उभे राहते. अडीच झालेले नाही. उरलेला भार टेम्प्लेटच्या स्वतःच्या स्क्रिप्टचा आहे आणि तो आपल्या हातात नाही.

याच कामात लक्षात आले की दरपत्रक हे एक चित्र होते. दर, वजने, अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि कुरिअरच्या अटी, सगळे चित्रात. ते मजकुराच्या तक्त्यात आणले. दर बदलला की काकींना आता नवे चित्र करून घ्यावे लागणार नाही.

४ मार्च, कुडाळ

काल रात्री फोनवर पान पाहताना दरांचा तक्ता गायब दिसला. टेम्प्लेटची फोनसाठी वेगळी मांडणी असते आणि तक्ता रुंद असल्यामुळे मीच तो संगणकावरच्या मांडणीत ठेवून फोनवर लपवला होता. गूगल संकेतस्थळाची फोनवरचीच मांडणी वाचून नोंद करते, त्यामुळे तिथे लपवलेले संगणकावर असूनही नसल्यासारखे होते. तक्ता मोडून पदार्थागणिक दोन ओळींत मांडला.

७ मार्च, कुडाळ

मथळ्यांच्या पातळ्या टेम्प्लेटमध्ये अक्षरांच्या आकारासाठी वापरल्या गेल्या होत्या. पहिल्या पातळीवर ‘स्वागत आहे’ आणि दुसऱ्या पातळीवर फोन नंबर. पदार्थाचे नाव पहिल्या पातळीवर आणले. संकेतस्थळाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली होती, ती मराठी केली. गूगल भाषा मजकुरावरूनच ठरवते, तरीही पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ही नोंद पाहते आणि दृष्टिहीन गिऱ्हाइकाला मराठी मजकूर इंग्रजी आवाजात ऐकू येतो. एवढ्या कारणासाठीही हा बदल आवश्यक होता.

उत्पादनाच्या संरचित माहितीत (शोधयंत्रांसाठी ठरावीक साच्यात लिहिलेल्या माहितीत) चलन डॉलर आणि किंमत शून्य होती, आणि टेम्प्लेटने नमुन्यादाखल घातलेले पंचतारांकित अभिप्राय तसेच होते. किमती रुपयांत भरल्या. अभिप्राय काढून टाकले, कारण ते कोणीही दिलेले नव्हते. काकींकडे गिऱ्हाइकांचे खरे निरोप आहेत. त्यांची परवानगी घेऊन दोन-तीन घालू.

२४ मार्च, कुडाळ

१४ पैकी १२ पाने नोंदली गेली. ‘कोकम आगळ’, ‘मिठातले कोकम’ आणि ‘आमसूल’ या शब्दांवर पाने दिसू लागली आहेत. हेच शब्द रोमन लिपीत टंकणारेही बरेच आहेत. राहिलेली दोन पाने सरबताच्या अर्ध्या आणि एक लिटरच्या बाटल्यांची होती. गूगलने ती वाचली, पण नोंदली नाहीत. दोन्हींचा मजकूर शब्दशः एकच असल्यामुळे मला ते रास्त वाटले. एकच पान करून त्यात दोन्ही आकार ठेवले आणि जुने दोन्ही पत्ते त्याकडे वळवले.

९ एप्रिल, वेंगुर्ला

काकींनी फोनवर संकेतस्थळाच्या आतल्या शोधचौकटीत ‘कैऱ्या’ टंकले आणि ‘काही सापडले नाही’ असे उत्तर आले. पान समोर होते, शब्द समोर होता.

दोन तास गेले. ‘ऱ्य’मधला हा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. पहिल्या प्रकारे ‘कैऱ्या’ ६ चिन्हांचा शब्द होतो, दुसऱ्या प्रकारे ७ चिन्हांचा, आणि कागदावर किंवा पडद्यावर दोघांत तिळमात्र फरक दिसत नाही. आमच्या परिवर्तकाने सगळीकडे दुसरा प्रकार वापरला होता, काकींचा कळफलक पहिला वापरतो, आणि टेम्प्लेटची शोधचौकट चिन्हे जशीच्या तशी ताडून पाहते. ‘किनाऱ्या’, ‘खाऱ्या’, ‘सुपाऱ्या’ या सर्व शब्दांत तेच होते. शोधा-आणि-बदला करून सर्व पाने पहिल्या प्रकारावर आणली. काकींनी पुन्हा टंकले, आणि कैऱ्या मिळाल्या.

६ मे, वेंगुर्ला

खळ्यात साली वाळत घातल्या आहेत. काकींनी विचारले की ओल्या काजूगरांचा हंगाम सरला, तर ते पान पुसावे का. पुसायचे नाही. ‘पुढील हंगाम फेब्रुवारीत’ अशी ओळ घालून पान त्याच पत्त्यावर राहू द्यायचे, म्हणजे पुढच्या वर्षी ओळख नव्याने करून द्यावी लागणार नाही. पावसाळ्यात हेच फणसपोळीच्या पानाचे.

फणसपोळीचे नवे पान त्यांनी परवा माझ्याविना केले. सोयीचे म्हणून जुन्या पानाची प्रत काढली, पत्ता स्वतः छोटा केला, छायाचित्र लहान करून घातले, आणि प्रकाशित करण्याआधी सेटिंग उघडून लपवण्याचे बटण बंद आहे ना, ते पाहिले. पान आज सकाळी नोंदलेले दिसले.